बिननंबरी अर्धी रायफल

एआर-१५ जातीची कोणतीही रायफल दोन पिना ढकलल्या की मधोमध उघडते. खालच्या भागात ट्रिगर, घोडा, मॅगझिनची जागा, मूठ आणि दस्ता. वरच्या भागात नळी, चेंबर, बोल्ट आणि बोल्टला मागेपुढे नेणारा कॅरिअर. काडतूस फुटते ते वरच्या भागात, आणि गोळीला वेग व दिशा मिळते तीही तिथेच. तरीही अमेरिकेच्या कायद्याला बंदूक दिसते ती खालच्या भागात. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने बंदुकीची ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ हीच बंदूक मानली, आणि या जातीत तो मान खालच्या रिसीव्हरला मिळाला. नंबर त्याच्यावर ठोकायचा, विक्रीची नोंद त्याची, गिऱ्हाइकाची चौकशीही त्याच्याच खरेदीला. वरचा भाग म्हणजे अप्पर रिसीव्हर आणि त्याला जोडलेले सगळे सामान. केंद्रीय कायद्याच्या लेखी ते सुटे भाग आहेत, आणि सुट्या भागांसारखेच ते पार्सलने घरपोच येतात. गंमत अशी की रिसीव्हर कशाला म्हणावे याची जी जुनी शासकीय व्याख्या होती तिला घोडा, बोल्ट आणि गोळीबाराची यंत्रणा एकाच घरात हवी होती. या रायफलीत घोडा तळमजल्यावर आणि बोल्ट माडीवर. काही आरोपींच्या वकिलांनी न्यायालयात नेमके यावरच बोट ठेवले. शेवटी २०२२ च्या नियमाने एआर-१५ चा खालचा भागच रिसीव्हर असे नाव घेऊन लिहून टाकले. बेल्जियन ‘फॅल’ रायफलीत अमेरिकेतच उलट हिशेब चालतो. आपल्या लष्कराने वर्षानुवर्षे वापरलेली ईशापूरची एसएलआर त्याच घराण्यातली, आणि तिथे नंबर वरच्या भागाचा.

नंबर नाही म्हणजे त्या भागावर सरकारची नजर नाही. पण एवढ्यावर थांबत नाही. युरोपातल्या अनेक देशांत बंदूक विकण्याआधी ती प्रूफ हाउसमध्ये जाते, नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस तिच्यात उडवले जाते, आणि टिकली तर तिच्यावर ठसा उमटतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले, आणि १९१४ पासून सीआयपी ही आंतरराष्ट्रीय संस्था सदस्य देशांमध्ये हा शिरस्ता सांभाळते. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथे १९२६ पासून उद्योगाचीच एक संघटना दाबाची आणि मापांची मानके ठरवते, पाळणे ऐच्छिक. म्हणजे ज्या भागात स्फोट होतो तो भाग बिननंबरी, सक्तीची चाचणी नसलेला, आणि शेकडो नाममुद्रांखाली विकला जाणारा आहे. त्याचा दर्जा पाहायचे काम मग आपोआप गिऱ्हाइकाकडे येते, आणि गिऱ्हाईक जे पाहू शकते त्यातले बहुतेक निरुपयोगी असते. माझे म्हणणे असे, की अप्पर रिसीव्हरचा दर्जा धातूत किंवा नावात शोधून सापडत नाही. तो भाग कोणी, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत तपासला या हकिकतीतच तो असतो. हकिकत हाती नसेल तर उरतो तो अंदाज.

या रायफलीचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९५४ साली फेअरचाइल्ड या विमान कंपनीने हॉलिवूडमध्ये आर्मालाइट नावाचा विभाग सुरू केला. यूजीन स्टोनर तिथले मुख्य अभियंता. त्यांची मोठी एआर-१० आधी आली, मग तिचे धाकटे रूप एआर-१५. १९५९ मध्ये कोल्टने हक्क घेतले आणि साठच्या दशकात तीच एम-१६ झाली. विमान कंपनीतल्या माणसांना अॅल्युमिनियमची भीती नव्हती. पण अॅल्युमिनियमच्या पेटीत काडतुसाचा स्फोट सांभाळायचा तर पेटीवर तो भार येऊ देता कामा नये. या रचनेत बोल्टचे पोलादी दात नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडून बसवलेल्या पोलादी कड्यात अडकतात. त्या कड्याला बॅरल एक्स्टेन्शन म्हणतात. चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या वर जाणारा दाब पोलाद आणि पोलाद आपसात निभावतात. रिसीव्हरच्या वाट्याला तो येत नाही. रिसीव्हरने फक्त सगळ्यांना एका रेषेत धरायचे. त्यामुळे त्याचा दर्जा हा ताकदीपेक्षा भूमितीचा प्रश्न आहे, आणि इथेच बहुतेकांची नजर पहिल्यांदा चुकते.

कारण जाहिराती ताकदीच्या असतात. रिसीव्हर ७०७५-टी६ या मिश्रधातूचा आहे हे प्रत्येक विक्रेता ठळक छापतो. हा जस्ताचा मिश्रधातू मुळात जपानच्या सुमितोमो कंपनीने तीसच्या दशकात गुपचूप तयार केला, झिरो लढाऊ विमानात तो वापरला गेला, आणि पकडलेल्या जपानी विमानाचा अभ्यास करून अमेरिकी अल्कोआने १९४३ मध्ये त्याचे गुपित उकलले. ६०६१-टी६ या साध्या मिश्रधातूपेक्षा तो जवळजवळ पावणेदोन पट मजबूत. तेव्हा अभिमान अगदीच पोकळ नाही. पण ‘७०७५ चा रिसीव्हर अधिक ताठ असतो’ हे जे पुढे ऐकवले जाते त्यात तथ्य नाही. दोन्ही मिश्रधातूंचा ताठपणा, म्हणजे भाराखाली किती वाकतील हे माप, जवळपास सारखेच आहे. ताठपणा वाढतो तो भिंतीची जाडी आणि आकार बदलल्याने. शिवाय ७०७५ हा ६०६१ पेक्षा लवकर गंजतो, म्हणून त्याच्यावरच्या थराला अधिक महत्त्व येते. बरे, कच्चे फोर्जिंग तरी कोणाचे? अमेरिकेत हे काम करणारे घणाचे कारखाने मोजके आहेत. त्यांच्या छोट्या खुणा, कुठे चावीच्या भोकासारखी, कुठे एखादे अक्षर, रिसीव्हरच्या पोटावर सापडतात. एकाच खुणेचे रिसीव्हर दीडपट-दुप्पट किमतीच्या फरकाने वेगवेगळ्या नावांखाली विकले जातात. यावरून ‘सगळे एकच, नावाचे पैसे कशाला द्या’ असा निष्कर्ष काढणारेही आहेत. त्यांचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष घाईचा. घणाखालून येतो तो ओबडधोबड आकार. त्यात बोअर, आटे, खाचा आणि भोके पाडणारे यंत्र, त्या यंत्रावरचे झिजलेले किंवा वेळेवर बदललेले टूल आणि त्यानंतर माप घेणारा हात हे प्रत्येक कारखान्यात निराळे असतात.

या कामात मला सर्वांत हट्टी वाटते ती अॅनोडायझिंगची भानगड. रिसीव्हरवर काळा रंग दिसतो, पण कडक अॅनोडायझिंग म्हणजे रंगाचा लेप नव्हे. आम्लाच्या टाकीत वीज सोडून धातूच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते. या थराची जाडी साधारण दोन हजारांश इंच, म्हणजे ५० मायक्रॉन. त्यातला निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे टाकीत घातलेला भाग टाकीतून बाहेर येताना वेगळ्या मापाचा असतो. गोल बोअरला हा थर दोन्ही बाजूंनी मिळतो, म्हणून व्यास सुमारे दोन हजारांशाने घटतो. आता या बोअरमध्ये जे बॅरल एक्स्टेन्शन बसायचे त्याचा व्यास एक इंचाच्या आसपास, आणि दोघांमध्ये ठेवायची मोकळीक एखाद्या हजारांशाची. टाकीतला थर थोडा जाड झाला तर नळी बसत नाही. यंत्रावर आधीच बोअर सैल काढून ठेवला तर ती आत डुलते. दर्जेदार कारखाना थर चढण्याआधीचे माप नंतरच्या मापावरून उलटे ठरवतो, टाकीतल्या आम्लाचे तापमान आणि विजेचा प्रवाह सांभाळतो, आणि थर चढल्यानंतर पुन्हा गेज घालून पाहतो. काही उत्पादक बोअर मुद्दाम इतका घट्ट ठेवतात की रिसीव्हर तापवल्याशिवाय नळी आत जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, काळा रंग मात्र दोन्हीकडे सारखाच काळा.

तरी एक जागा अशी आहे जिथे रंग बोलतो. मॅगझिनमधून वर येणारे काडतूस चेंबरमध्ये चढते ते दोन छोट्या उतारांवरून. एम-४, म्हणजे एम-१६ च्या आखूड लष्करी रूपाच्या, रचनेत हे उतार बॅरल एक्स्टेन्शनमध्ये सुरू होऊन खाली रिसीव्हरच्या अॅल्युमिनियममध्ये उतरतात. दोन्ही भागांतले उतार एकमेकांत विनाखंड मिसळले पाहिजेत. रिसीव्हर खोल कापलेला आणि एक्स्टेन्शन तसे नसेल तर तिथे एक ओठ तयार होतो, आणि गोळीचे नाक त्याला अडते. आता उतारावरचे अॅल्युमिनियम काळे असेल तर ते अॅनोडायझिंगच्या आधी, यंत्रावर, ठरलेल्या मापाने कापलेले आहे. ते पांढरे चकचकीत दिसत असेल तर थर चढल्यानंतर कोणीतरी ते कापले किंवा घासले आहे, आणि जिथे प्रत्येक काडतूस घासत जाणार नेमका तिथलाच कठीण थर निघून गेला आहे. कामांचा क्रम असा वाचता येण्याच्या जागा या भागावर फार थोड्या आहेत. दुसरी म्हणजे रिसीव्हरचे पुढचे तोंड, ज्यावर नळीची कड टेकते. ते बोअरशी काटकोनात हवे. नसेल तर नळी किंचित एका अंगाला पाहते, आणि दुर्बिणीची घुंडी एका बाजूला बरीच फिरवूनही निशाणा मध्यावर येत नाही. हे तोंड सपाट करण्याचे हत्यार बाजारात मिळते, हौशी कारागीर ते वापरतात, आणि तेही अर्थात तिथला थर घासून टाकते.

याउलट ज्या गोष्टीवर सर्वाधिक चर्चा होते ती म्हणजे वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर किती हलतात. हलवून पाहिले की खडखडते, म्हणून माल हलका, असा समज इतका पक्का आहे की ती हालचाल थांबवायला रबराचे तुकडे विकले जातात. पण नळीही वरच्या भागावर आणि निशाणाही वरच्या भागावर. दोघांचे परस्परनाते खालच्या भागाच्या हलण्याने फारसे बिघडत नाही. हाताला जाणवणारा दोष निरुपद्रवी, आणि उपद्रवी दोष हाताला न जाणवणारा. नळी घट्ट करणाऱ्या नटाचेही असेच. त्याचा टॉर्क ३० ते ८० फूट-पौंड इतक्या ऐसपैस मर्यादेत चालतो, कारण नटाच्या दात्यांमधली खाच बरोबर वर यावी लागते; कॅरिअरला मागे ढकलणारा वायू नेणारी बारीक नळी तिथून मागे जाते. खाच कशीबशी जुळवली आणि ती बारीक नळी किंचित तिरकी राहिली, तर मागे कॅरिअरवरची चावी प्रत्येक फेरीला तिच्यावर घासत राहते. ही झीज दिसायला वेळ लागतो.

सर्वांत आतला भाग बोल्ट. चेंबर आणि बोल्ट यांचे एकमेकांतले अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते गेज घालून पाहतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत उमेदवारी केलेल्या वाचकाला ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज नव्याने सांगायला नकोत: एकावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. इथे दोन्हींमधला फरक ३ हजारांश इंचाचा, केसाच्या जाडीएवढा. गेजने अंतर कळते, धातूतली भेग कळत नाही. म्हणून लष्करी पद्धतीत प्रत्येक बोल्टला नेहमीपेक्षा जास्त, सुमारे ७० हजार पौंडांच्या दाबाचे काडतूस सोसावे लागते, आणि मग चुंबकीय कणांनी त्याची तपासणी होते. भेग असेल तिथे कण गोळा होतात. दोन्ही पार केलेल्या बोल्टवर बारीक अक्षरे कोरली जातात. ही अक्षरे कोरणे तपासण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, हे वेगळे सांगायला नको. काही उत्पादक प्रत्येक नग तपासतात, काही शंभरातले काही. जाहिरातीत दोघेही ‘तपासलेला’ असेच लिहितात. नमुना-तपासणीच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवादही आहे: जादा दाबाचे काडतूस बोल्टचे थोडे आयुष्य खाते, आणि प्रक्रिया स्थिर असेल तर नमुना पुरतो. ते मान्य करता येते, पण प्रक्रिया स्थिर आहे याचा पुरावा पुन्हा तपासणीच्या नोंदीतच असतो, आणि ती नोंद गिऱ्हाइकाला कोणी दाखवत नाही.

इथे दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘मिल-स्पेक’ छापले असेल तर लष्कराचा दर्जा मिळाला, आणखी काय हवे? लष्कराच्या एम-४ ची संपूर्ण तांत्रिक कागदपत्रे, प्रत्येक भागाची मापे, धातू, प्रक्रिया आणि तपासण्या, सर्वांसाठी खुली नाहीत. मिल-स्पेक लिहिणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे ती असणेच शक्य नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लष्कराला माल देणाऱ्या कारखान्यात सरकारचा निरीक्षक असतो, माल स्वीकारण्याआधी ठरावीक रायफली उकलून त्यांचे भाग आपसात मिसळून पुन्हा जोडले जातात, काही नमुने हजारो फैरींनी दमवले जातात, आणि नापास झालेला माल परत जातो. माप तेच, धातू तोच असे मानले, तरी परत पाठवण्याचा अधिकार असलेला माणूस काढून घेतला की उरलेल्या विधानाला फारसे वजन राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: एवढा कीस कशाला, गोळ्या झाडून पाहा. चांगली असेल तर चालेल, नसेल तर अडेल. पण पाच गोळ्यांच्या एका गटाचा आकार निव्वळ योगायोगाने पाव हिश्श्याने लहानमोठा होऊ शकतो. एका सुंदर गटाचे छायाचित्र फारसे काही सिद्ध करत नाही. आणि बोल्टमधली भेग पहिल्या शंभर फैरींत क्वचितच उघडी पडते. ती बहुधा बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनच्या भोकापाशी किंवा दाताच्या मुळाशी धुमसत असते, आणि हजारो फैरींनंतर वर येते, म्हणजे तपासून पाहण्याची मुदत केव्हाच संपल्यावर. झाडून पाहणे उपयोगी आहे, पण त्यात पास होण्याला बराच कमी अर्थ आहे आणि नापास होण्याला बराच जास्त.

इथवर वाचून असे वाटेल, की सरकारी निरीक्षक उभा केला की प्रश्न मिटला. एम-१६ च्या पहिल्या वर्षांनी हा भरवसा फार महागात मोडून काढला. स्टोनर यांची रायफल एका प्रकारच्या दाणेदार बारुदीवर बेतलेली होती. १९६४ मध्ये लष्कराने काडतुसांत दुसरी, गोलदाणी बारुद आणली. तिने गोळीबाराचा वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर, म्हणजे मिनिटाला ८५० च्या पुढे नेला, आणि कचराही जास्त. या बारुदीवर रायफली स्वीकृती-चाचणीत नापास होऊ लागल्या. मग काय केले? कोल्टला चाचणीसाठी जुन्या बारुदीची काडतुसे वापरण्याची मुभा दिली, आणि व्हिएतनाममध्ये सैनिकांना नवी बारुद जात राहिली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्य पुरेसे पोहोचले नव्हते, आणि ही रायफल फारशी साफ करावीच लागत नाही अशी हवा पसरलेली होती. चेंबरमध्ये चिकटलेली पुंगळी काठीने ठोकून काढत असताना माणसे मारली गेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने हे सगळे उघड्यावर आणले. त्यानंतर चेंबरला क्रोम आले. अप्पर रिसीव्हरच्या उजव्या अंगाला दिसणारे फॉरवर्ड असिस्टचे बटणही याच काळातले. अडलेला बोल्ट अंगठ्याने पुढे ढकलता यावा म्हणून लष्कराने ते लावून घेतले, हवाई दलाला ते नको होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कागदावर त्या रायफली उत्तीर्ण होत्या. निरीक्षक होता, गेज होते, शिक्का होता. तपासणीची परिस्थिती मात्र वापराच्या परिस्थितीपासून तोडलेली होती, आणि ती ज्यांनी तोडली त्यांना ते ठाऊक होते. आपल्या लष्कराच्या ‘इन्सास’ रायफलीची कहाणी इतकी वाईट नाही. पण पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आखलेल्या त्या रायफलीचे प्लॅस्टिक मॅगझिन कारगिलच्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा प्रश्न तोच होता: कोणत्या तापमानात, कोणाच्या हातात, किती वेळ पाहिले?

मराठी वाचक इथे एक तिसरा आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. माणसे मारण्याच्या यंत्राचा दर्जा एवढ्या बारकाईने कशाला तोलायचा? सँडी हुक, पार्कलंड, युव्हाल्डी इथल्या शाळांमध्ये मुलांवर झाडलेल्या रायफली याच घराण्यातल्या होत्या. त्या नीट चालल्या हेच तर दुःख. याला उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागतात. वाईट बनावटीची रायफल कमी माणसे मारते असे नाही. ती चालवणाऱ्याच्या तोंडाजवळ फुटू शकते, हरणाऐवजी भलतीकडे गोळी धाडू शकते, आणि ज्या शिपायाला ती सरकारने दिली आहे त्याला ऐनवेळी दगा देऊ शकते. भारतीय लष्कराने २०१९ मध्ये ज्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला त्याही याच मांडणीच्या, वरचा भाग आणि खालचा भाग दोन पिनांनी जोडलेल्या. तिथे दर्जाचा प्रश्न थेट जवानाच्या जिवाशी भिडतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवणारी यंत्रेही धरली आहेत, त्यामुळे नागरिकाने दुकानातून अप्पर आणून तो पारखण्याचा प्रसंग येत नाही. पण आक्षेपातला एक भाग मला मान्य करावा लागतो. ही रायफल हौशी खरेदीची वस्तू झाली, तिच्या उतारांची, थरांची, खुणांची तुलना मोबाइल फोनसारखी होऊ लागली, की ती कोणाच्या हातात जावी हा प्रश्न चर्चेतून सहज गळून पडतो. बारकाव्यांचे प्रेम हे त्या विस्मरणाचे एक साधन आहे, आणि या लेखालाही ते लागू पडते.

बाजाराची अडचण मात्र तशीच आहे. किमती घसरतात तेव्हा कारखाना धातू बदलत नाही, कारण धातूचे नाव जाहिरातीत असते. रंगही बदलत नाही. कमी होतो तो माप घेणाऱ्याचा वेळ, वाढते ती टूल बदलण्याची मुदत, आणि शंभरातल्या दहाऐवजी पाच नग गेजखाली जातात. यातली कोणतीही काटकसर खोक्यावर छापली जात नाही, आणि तशी छापायला लावणारा नियमही नाही. २०२२ च्या नव्या नियमाने नंबर कशावर टाकायचा हे नीट सांगितले, पण ते गुन्ह्याचा माग काढण्यासाठी. बोल्ट प्रत्येकी तपासला की नमुन्याने, थर चढल्यावर बोअर पुन्हा मोजला की नाही, हे सांगण्याचे बंधन कोणावर टाकायचे, याचा त्यात उल्लेख नाही. एखाद्या उत्पादकाने आपणहून तपासणीच्या नोंदी नगानुसार द्यायच्या ठरवल्या, तरी ज्या भागाला नंबरच नाही त्याची नोंद कोणत्या नावाने लावायची, ही पहिली अडचण उभी राहते. त्यासाठी त्याला आधी कायदा मागत नसलेला नंबर स्वतःच्या खर्चाने कोरावा लागेल, आणि शेजारच्या खोक्यातला स्वस्त, तितकाच काळा अप्पर तेव्हाही त्याच फळीवर असेल.